सर्व्हरवरील संकेतस्थळ आपल्या ताब्यात घेताना

ज्या सर्व्हरवर संकेतस्थळ चालते त्याच सर्व्हरवर पडून असलेल्या प्रतीला मी बॅकअप मानत नाही. सीपॅनेल या सर्व्हरच्या नियंत्रण-पटलातील बॅकअपचे बटण दाबले की थोड्या वेळात एक भलीमोठी फाइल तयार होते आणि काम उरकल्यासारखे वाटते; पण ती फाइल आपल्याच खात्याच्या होम फोल्डरमध्ये, बहुधा त्याच डिस्कवर, जाऊन बसलेली असते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या होस्टिंग (सर्व्हर भाड्याने देणाऱ्या) कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, त्यात एक संपूर्ण इमारत जळून गेली, आणि ज्यांचे बॅकअपही त्याच आवारात होते अशा काही ग्राहकांनी मूळ डेटा व त्याची प्रत दोन्ही एकदमच गमावली. आग ही टोकाची गोष्ट झाली. खाते निलंबित होणे, नूतनीकरणाची तारीख उलटून जाणे, पासवर्ड भलत्याच्या हाती लागणे, अशा साध्या कारणांनीही आपल्याला सर्व्हरवर प्रवेश मिळेनासा होतो आणि आतली प्रत आतच राहते.

म्हणून प्रत आपल्या संगणकावर उतरवून घ्यायची; तर उतरवून घ्यायचे काय, हे आधी ठरवावे लागते. वर्डप्रेस या संकेतस्थळ बनवण्याच्या प्रणालीवर चालणाऱ्या संकेतस्थळाचा पब्लिक एचटीएमएल हा, लोकांसाठी खुल्या फायलींचा, फोल्डर संपूर्ण डाउनलोड केला, तरी त्यात आपला एकही लेख नसतो, कारण लेख, प्रतिक्रिया आणि बहुतेक सेटिंग्ज डेटाबेसमध्ये, म्हणजे या फायलींपासून वेगळ्या माहितीसाठ्यात, असतात. याउलट वर्डप्रेसच्या मूळ फायली केव्हाही नव्याने मिळवता येतात; पुन्हा न मिळणारा ऐवज म्हणजे डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डर, त्यातही आपण चढवलेली छायाचित्रे, आणि डेटाबेसचे तपशील असलेली डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइल. एचटीअ‍ॅक्सेस या सर्व्हरला सूचना देणाऱ्या फाइलचे नाव टिंबाने सुरू होत असल्याने ती अनेकदा यादीत दिसतच नाही. त्यासाठी फाइलझिला या फायली उतरवण्याच्या प्रोग्राममध्ये लपवलेल्या फायली दाखवण्याचा पर्याय चालू करावा लागतो. कॅशेचा, म्हणजे तात्पुरत्या साठ्याचा, फोल्डर मात्र खुशाल वगळावा.

फायली आणण्यासाठी बहुतेक जण अजूनही एफटीपी ही फायलींची ने-आण करण्याची पद्धत वापरतात. अभय भूषण यांनी १९७१ मध्ये या पद्धतीचा पहिला आराखडा लिहिला, आणि तिचे मूळ रूप आजही पासवर्ड उघड्यावर पाठवते. त्यामुळे होस्टिंगमध्ये सोय असेल तर २१ क्रमांकाच्या पोर्टऐवजी २२ क्रमांकाच्या पोर्टवरील एसएफटीपी ही सुरक्षित पद्धत निवडणे उत्तम. खरी अडचण वेगळीच आहे. वर्डप्रेस प्रत्येक छायाचित्राच्या लहानमोठ्या आकारांच्या अनेक प्रती बनवते, आणि एफटीपीमध्ये प्रत्येक फाइलसाठी स्वतंत्र जोडणी उघडली जात असल्याने हजारो बारक्या फायली उतरवणे एका मोठ्या फाइलपेक्षा कितीतरी रेंगाळते; शिवाय मधल्या दहा-वीस फायली अयशस्वी ठरल्या, तर ते फाइलझिलाच्या अयशस्वी फायलींच्या छोट्या टॅबमध्ये डोकावल्याशिवाय कळत नाही.

म्हणून सर्व्हरवरच सगळ्याचा एक टार गठ्ठा (सगळ्या फायली एकत्र केलेली एकच फाइल) बांधून तो उतरवणे मला अधिक भरवशाचे वाटते. मात्र हा गठ्ठा पब्लिक एचटीएमएलच्या बाहेर बांधावा. त्या फोल्डरमध्ये बॅकअप डॉट झिप अशा सहज सुचणाऱ्या नावाची फाइल ठेवली, तर तिचा पत्ता अंदाजाने टाकणारा कोणीही ती उतरवून घेऊ शकतो, आणि अशी नावे धुंडाळत फिरणारे बॉट (स्वयंचलित प्रोग्राम) कमी नाहीत. कॉन्फिग फाइलची शेवटी बॅक असे जोडलेली प्रत तर त्याहून घातक, कारण सर्व्हर तिला पीएचपी या भाषेतील प्रोग्राम म्हणून न चालवता साधा मजकूर म्हणून दाखवून मोकळा होतो, डेटाबेसच्या पासवर्डसकट.

एसएसएचची, म्हणजे सर्व्हरला सुरक्षितपणे थेट आज्ञा देण्याची, सोय असेल तर आरसिंकला पर्याय नाही. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ मध्ये आणलेले हे साधन फक्त बदललेला भाग पाठवते, त्यामुळे पहिली खेप सोडली तर पुढच्या खेपा झटपट होतात. यातील डिलीट हा पर्याय जपून वापरावा, कारण सर्व्हरवर चुकून पुसलेली फाइल तो आपल्याकडूनही इमानेइतबारे पुसतो; आधी ड्राय-रन, म्हणजे काहीही न बदलणारी चाचणी, करून काय होणार आहे ते पाहावे. संकेतस्थळात घुसलेला घातक कोडही असाच निमूटपणे आपल्या प्रतीत येतो आणि तो लक्षात येईपर्यंत आठवडे उलटलेले असू शकतात, म्हणून सर्व्हरच्या एकाच आरशासारख्या प्रतीवर विसंबण्यापेक्षा वेगवेगळ्या तारखांच्या प्रती राखाव्यात.

डेटाबेसची प्रत मी फायलींच्या आधी घेतो. दरम्यान नवे छायाचित्र चढले, तर ते फायलींमध्ये जादा येते, एवढेच. क्रम उलटा असेल तर लेखात उल्लेख असतो आणि चित्र गायब असते.

एवढे केल्यावरही प्रत चालते का, हा प्रश्न उरतोच. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या सेवेचा चालू डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा नेहमीचा बॅकअप आवृत्तीच्या विसंगतीमुळे होतच नव्हता आणि त्याच्या अपयशाच्या ईमेलही पोहोचत नव्हत्या, हे उघडकीस आले. त्यामुळे मी अधूनमधून प्रत स्वतःच्या संगणकावर उभी करून पाहतो. तेव्हा डेटाबेसमध्ये नोंदलेला संकेतस्थळाचा पत्ता बदलायला विसरू नये. नाहीतर ब्राउझर थेट चालू संकेतस्थळावर नेतो आणि मूळच पाहून प्रत ठणठणीत असल्याचे समाधान मिळते. मुखपृष्ठ उघडले पण आतील पाने सापडत नसतील, तर बहुधा एचटीअ‍ॅक्सेस राहिलेली असते. देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांच्या ओळी दिसल्या, तर निर्यात किंवा आयात करताना अक्षरसंच (अक्षरे साठवण्याची पद्धत) चुकलेला असतो, आणि तो यूटीएफ-८ एमबी-४ ठेवून डेटाबेसची प्रत नव्याने घ्यावी लागते. हे सगळे जागच्या जागी दिसले की मगच मी सर्व्हरवरचा गठ्ठा पुसतो.