हिरवं पाणी नुसतं बदलून भागत नाही

माशांच्या टाकीतलं पाणी पांढऱ्या कपात घ्या. हिरवट दिसलं तर तरंगतं शेवाळ. दुधाळ असेल तर तो जिवाणूंचा प्रकार, त्याचा इलाज वेगळा. हे शेवाळ एकपेशीय, इतकं बारीक की फिल्टरच्या स्पंजमधून आरपार जातं. त्यामुळे अर्धं पाणी बदललं तरी उरलेलं पुन्हा फोफावतं.

खरा उपाय अंधार. निम्मं पाणी बदला, मग जाड चादरीने टाकी चारही बाजूंनी आणि वरून झाका. ३ ते ४ दिवस दिवा बंद, खाणंही बंद (पिल्लं असतील तर हा उपाय नको). चादर उचलून सारखं डोकावायचं नाही. एअर पंप मात्र चालूच हवा, कारण मेलेलं शेवाळ कुजताना ऑक्सिजन खातं आणि अमोनिया सोडतं. मासे वर येऊन धापा टाकू लागले तर लगेच पाणी बदला. शेवटी पुन्हा ५० टक्के बदल, क्लोरीन काढलेल्या पाण्याने. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. नळाखाली धुतला तर उपयोगी जिवाणू मरतात.

खर्चाची तयारी असेल तर यूव्ही क्लॅरिफायर (अतिनील किरणांनी तरंगतं शेवाळ मारणारं उपकरण) उत्तम. साधारण आठवड्यात पाणी काचेसारखं होतं.

दिवा रोज ६ ते ८ तासच ठेवा, टायमर लावून. खिडकीतलं ऊन टाकीवर येत असेल तर टाकीच हलवा.