फ्रँकलिनची टोपी आणि फ्रान्सची तिजोरी

बेंजामिन फ्रँकलिन म्हटलं की शाळेतला पतंग आणि वीज आठवते, पण मला हल्ली हा माणूस उधारी मागण्यात एक नंबर वाटायला लागलाय. डिसेंबर १७७६ मध्ये सत्तरीचा म्हातारा दोन नातवांना घेऊन, इंग्रजांविरुद्धच्या अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धासाठी मदत मागायला फ्रान्सला पोचला, तिकडे वॉशिंग्टनची फौज मार खात मागे हटतेय, पैशांचा खडखडाट, आणि पॅरिसमध्ये जिकडेतिकडे पावडर लावलेले विग असताना हा आपला केसाळ फरची टोपी घालून फिरतोय! लोक फिदा, केवढा साधाभोळा माणूस म्हणे. लंडनमध्ये पंधराएक वर्षं काढलेला माणूस कसला साधाभोळा.

फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री व्हर्जेन पण कमी नव्हता, बंदुका-दारूगोळा गुपचूप एका बनावट ट्रेडिंग कंपनीतून पाठवायचा (ती चालवायचा कोण, तर नाटककार ब्यूमार्शे, खरंच), उघडपणे मात्र आम्ही नाही त्यातले. ऑक्टोबर १७७७ मध्ये अमेरिकेतल्या साराटोगाला इंग्रजांचा सेनापती बर्गॉइन फौजेसकट शरण आला, ४ डिसेंबरला बातमी पॅरिसला पोचली, आणि ६ फेब्रुवारी १७७८ ला फ्रान्स-अमेरिका मैत्रीच्या तहावर सह्या.

गंमत म्हणजे त्याच १७७७ मध्ये सेंट ल्युबिन नावाचा एक फ्रेंच पुण्यात नाना फडणवीसांकडे येऊन बसला होता आणि मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली होती. नानांनाही फ्रेंच कार्ड कधी दाखवायचं ते बरोबर कळायचं.

असो. १७८१ मध्ये यॉर्कटाऊनला फ्रेंच आरमारानं समुद्राकडून वाट अडवली म्हणून इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस सापडला, हे अमेरिकन लोक जरा हळू आवाजातच सांगतात.

पण माझा आवडता सीन पुढचा. फ्रान्सबरोबरच्या तहात स्पष्ट होतं की एकमेकांना न विचारता इंग्रजांशी समझोता करायचा नाही, तरी ३० नोव्हेंबर १७८२ ला अमेरिकेनं फ्रान्सला न विचारता इंग्रजांशी शांततेच्या कलमांवर सह्या करून टाकल्या. व्हर्जेन भडकला. फ्रँकलिननं पत्र लिहिलं, त्याचा मथितार्थ असा की शिष्टाचारात जराशी चूक झाली खरी, पण आपल्यात फूट पाडली म्हणून इंग्रज खूश होतायत, तेव्हा हा किरकोळ गैरसमज त्यांना कळायलाच नको, नाही का? आणि हे सगळं चालू असताना मागणं काय, तर अजून कर्ज! मी ते वाचून मोठ्यानं हसलो, बायको म्हणाली आपल्या नात्यातला कोणीतरी दिसतोय.

व्हर्जेननं ६० लाख लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) मंजूर केले. त्यातले ६ लाख लगेच जहाजावर चढले.