पांढरा बॉल जिथे थांबेल तिथून

कॅरमवर हात बसलेल्या माणसाला पूल, म्हणजे टेबलावर काठीने बॉल मारून खेळायचा खेळ, चटकन जमेल, अशी माझी समजूत होती. आमच्या चाळीत गणपतीच्या दिवसांत कॅरमच्या स्पर्धा होत, आणि त्या बोर्डावर तयार झालेली नजर पूलच्या टेबलावरही कामी येईल, असे मी धरून चाललो होतो. पुण्यातल्या एका क्लबात पहिल्यांदा क्यू, म्हणजे ही खेळायची काठी, हातात घेतला त्याला आता सहा वर्षे झाली. क्रिकेट, टेबल टेनिस आणि बुद्धिबळही मी मन लावून खेळलो आहे. तरीही यांपैकी आत्मसात करायला सर्वांत अवघड खेळ कोणता, असे कोणी विचारले तर मी पूलचेच नाव घेतो.

आधी नेमाचा भाग पाहू. पूलच्या बॉलचा व्यास 57 मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त असतो आणि कोपऱ्यातल्या पॉकेटचे तोंड साधारण साडेचार इंचांचे, म्हणजे बॉलच्या दुप्पट असते. एवढी जागा पुष्कळ झाली, असे नवख्याला वाटते. समजा, क्यूने मारायचा पांढरा बॉल 1 मीटर जाऊन दुसऱ्या बॉलला लागणार आहे आणि तो पुढे आणखी 1 मीटर सरळ जाऊन पॉकेटमध्ये पडणार आहे. पांढऱ्या बॉलची दिशा एका अंशाने चुकली, तर तो पावणेदोन सेंटिमीटर बाजूला लागतो. पण दोन्ही बॉल गोल असल्यामुळे दुसऱ्या बॉलची दिशा तेवढ्याने सुमारे 18 अंशांनी फिरते आणि पॉकेटपाशी पोहोचेपर्यंत तो 32 सेंटिमीटर भरकटलेला असतो. शॉट पडायला हवा असेल, तर चूक एका अंशाच्या दहाव्या भागाच्या आसपास रोखावी लागते. तिरंदाजीत हाताची चूक अंतराच्या प्रमाणात वाढत जाते. इथे ती वाटेतच अठरा पट होते.

हा गुणाकार कॅरममध्येही आहे, हे मान्य. परंतु कॅरममध्ये सोंगटी गेली की स्ट्रायकर पुन्हा हातात येतो आणि रेघेवर हवा तिथे मांडता येतो. पूलमध्ये पांढरा बॉल जिथे थांबेल तिथूनच पुढचा शॉट मारावा लागतो, आणि माझ्या मते या खेळाचा खरा कस याच एका नियमात आहे. बॉल पॉट करणे, म्हणजे पॉकेटमध्ये पाडणे, हे निम्मेच काम असते. नाइन-बॉल या पूलच्या प्रकारात तर टेबलावरच्या सर्वांत लहान आकड्याच्या बॉललाच आधी स्पर्श करावा लागतो, त्यामुळे तिसरा बॉल मारताना चौथ्यासाठी कुठे थांबायचे आणि तिथून पाचव्याकडे कसे वळायचे, हे क्यू उचलण्यापूर्वीच ठरलेले असावे लागते. शॉट तिरका असताना पांढरा बॉल न घरंगळता, मागे-पुढे फिरकी नसताना आदळला, तर तो पॉट होणाऱ्या बॉलच्या दिशेशी जवळजवळ काटकोनात निघतो. पांढऱ्या बॉलच्या मध्याच्या वर मारले तर तो त्या रेषेच्या पुढे वळतो, खाली मारले तर मागे. बाजूची फिरकी दिली की बॉल मुळातच किंचित उलट्या बाजूला सरकून निघतो, म्हणून नेमही बदलावा लागतो. पावसाळ्यात टेबलाचे कापड दमट होते आणि उन्हाळ्यात पक्का बसलेला जोर कमी पडू लागतो.

स्नूकर खेळणारे माझे मित्र या मतावर आक्षेप घेतात. त्यांचे टेबल 12 फुटी, बॉल लहान आणि पॉकेट अरुंद, त्यामुळे नुसते पॉट करणे तिथे अधिक कठीण आहे, यात शंका नाही. मात्र पांढऱ्या बॉलवरचा ताबा ही या साऱ्या खेळांची समाईक विद्या आहे. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी 1958 साली कोलकात्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकली, तीन बॉल सतत जवळ राखत गुण वाढवत नेण्याच्या खेळात. आपल्याकडे या विजयाची आठवण फार कमी निघते, याची मला खंत वाटते.

क्रिकेटमध्ये वेगवान चेंडू येतो तेव्हा विचाराला वेळच नसतो. शरीर सवयीने हलते. पूलमध्ये बॉल स्थिर असतो, वेळ असतो, आणि त्या शांततेत शंकेलाही भरपूर जागा मिळते. प्रतिस्पर्धी टेबलावर असताना तर खुर्चीत बसून केवळ पाहायचे असते. टेबल टेनिसप्रमाणे त्याचा फटका परतवण्याची सोय नसते.

आमच्या क्लबात गुण मांडणाऱ्या वयस्कर मार्करकाकांनी पहिल्याच आठवड्यात मला एक सराव दिला होता. एकटा पांढरा बॉल ठेवायचा, टेबलाच्या मधोमध सरळ मारायचा, आणि समोरच्या कुशनवरून, म्हणजे टेबलाच्या कडेवरून, परत येऊन तो क्यूच्या टोकालाच लागला पाहिजे. ना दुसरा बॉल, ना पॉकेट. “हात सरळ गेला की नाही, ते बॉलच सांगेल तुम्हाला,” एवढेच ते म्हणाले. पहिल्या दिवशी दहापैकी एकही बॉल परत टोकाला लागला नाही. काल संध्याकाळी, टोकाला चॉक लावून, क्यूला आधार देणारा डावा हात कापडावर घट्ट टेकवून मी पुन्हा दहा वेळा मारले. सहा लागले.