तुम्ही विचारलंत म्हणून : रिपोर्ट नॉर्मल होता, मग गाठ निघाली कशी?

“मागच्याच वर्षी तुमची मॅमोग्राफी नॉर्मल आली होती ना? मग वर्षाच्या आत कॅन्सर निघाला कसा?” गेल्या दोन वर्षांत मला सर्वाधिक वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच आहे. विचारणाऱ्यांपैकी काही जणींच्या हातात स्वतःचा नुकताच आलेला नॉर्मल रिपोर्ट असतो आणि त्यांचा आवाज कापत असतो. काही जणी तपासणी टाळत आलेल्या असतात आणि माझ्या उत्तरात त्यांना न जाण्याचे कारण सापडेल अशी त्यांना आशा असते. मला या दुसऱ्या जणींची काळजी अधिक वाटते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते. नेहमीप्रमाणे मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची एक्स-रे तपासणी, झाली आणि दोन दिवसांनी रिपोर्ट हातात आला. त्यात संशयास्पद काही आढळले नसल्याचे लिहिले होते आणि शेवटी ‘बायरॅड्स 1’, म्हणजे नॉर्मल, असा निष्कर्ष होता. रिपोर्ट वाचून डॉक्टर म्हणाल्या, “सगळं छान आहे, पुढच्या वर्षी या.” मी तो फाइलमध्ये ठेवला. त्याच रिपोर्टमध्ये वरच्या बाजूला आणखी एक वाक्य होते : स्तनऊती अत्यंत घन, घनता ‘डी’. ते वाक्य मी वाचलेही होते, पण ते माझ्या शरीराचे साधे वर्णन असावे असे समजून पुढे गेले.

दहा महिन्यांनी अंघोळ करताना डाव्या स्तनाच्या वरच्या बाहेरच्या भागात बोटांना काही तरी वेगळे लागले. त्याला गाठ म्हणावे की नाही, हेही मला ठरवता येईना. वाटाण्यासारखे गोल, हलणारे असे ते नव्हते; कातडीखाली एका जागी जाडसर, घट्ट झाल्यासारखे होते आणि दुखत मुळीच नव्हते. चार दिवस वाट पाहून मी दाखवायला गेले. सोनोग्राफीच्या पडद्यावर कडा वेड्यावाकड्या असलेला, चौदा मिलिमीटरचा एक काळसर डाग स्वच्छ दिसला. त्याच दिवशी पुन्हा मॅमोग्राफी केली, आणि जे मी आजही विसरू शकत नाही ते तेव्हा घडले. गाठीची जागा अचूक माहीत होती, त्या जागी कातडीवर खूण चिकटवली होती, तरीही चित्रात गाठ दिसत नव्हती. रेडिओलॉजिस्ट बाईंनी मला पडद्याजवळ बोलावून ते चित्र दाखवले. सगळे पांढरे होते. त्या शांतपणे म्हणाल्या, “मागच्या वर्षी कुणी निष्काळजीपणा केला असेलच असं नाही. या चित्रात आजही ती दिसत नाही.”

कारण समजायला सोपे आहे. स्तनात चरबी असते आणि तिच्याबरोबर दूध तयार करणाऱ्या ग्रंथी व त्यांना आधार देणाऱ्या तंतुमय ऊती असतात. मॅमोग्राफीच्या चित्रात चरबी काळी-करडी दिसते, ग्रंथी आणि तंतू पांढरे दिसतात, आणि कॅन्सरची गाठही पांढरीच दिसते. चरबी जास्त असेल तर गाठ उठून दिसते; ग्रंथी आणि तंतू जास्त असतील तर पांढऱ्या भिंतीवर खडूने ओढलेली रेघ शोधावी तशी स्थिती होते. चरबीयुक्त स्तनात मॅमोग्राफीला दहापैकी आठ-नऊ कॅन्सर दिसतात, तर अत्यंत घन स्तनात हे प्रमाण सहा-सातपर्यंत खाली येते.

ही घनता हाताला कळत नाही, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. स्तन लहान की मोठा, मऊ की घट्ट, याच्याशी तिचा संबंध नाही; ती केवळ मॅमोग्राफीच्या चित्रात दिसते. ती ए, बी, सी आणि डी अशा चार अक्षरांनी नोंदवतात. त्यांपैकी सी आणि डी म्हणजे घन. चाळिशी ओलांडलेल्या स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्या या दोन गटांत येतात आणि साधारण दहांतील एक डी गटात असते. म्हणजे हा आजार नाही, दोष नाही, फार दुर्मीळ तर मुळीच नाही. वय वाढते आणि पाळी थांबते तशी बहुतेकींची घनता उतरते. पाळी थांबल्यावर हार्मोनच्या गोळ्या घेतल्या तर ती वाढू शकते. बायरॅड्सचा आकडा आणि घनतेचे अक्षर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझा सगळा गोंधळ इथेच झाला. आकडा सांगतो की चित्रात काय दिसले. अक्षर सांगते की त्या चित्रात किती दिसू शकते. मी आकड्यावर निश्चिंत झाले आणि अक्षराबद्दल एकही प्रश्न विचारला नाही.

घनता केवळ गाठ लपवत नाही, ती धोकाही काहीसा वाढवते. स्तनाच्या चित्रातील रचनेचा आणि कॅन्सरच्या धोक्याचा संबंध जॉन वुल्फ या अमेरिकन डॉक्टरांनी 1976 मध्येच मांडला होता. अत्यंत घन ऊती असलेल्या स्त्रीला जवळजवळ पूर्ण चरबीयुक्त स्तन असलेल्या स्त्रीच्या तुलनेत चारपट किंवा त्याहून थोडा अधिक धोका असतो, असे वाचून माझी झोप उडाली होती. पण ही तुलना दोन टोकांमधली आहे. सर्वसाधारण स्त्रीशी तुलना केली तर तो साधारण दुप्पट भरतो. घाबरवणारा आकडा समोर आला की तुलना कुणाशी केली आहे हे आधी विचारावे, असे मी तेव्हापासून प्रत्येकीला सांगते.

नॅन्सी कॅपेलो यांच्याविषयी मला निदानानंतर कळले. अमेरिकेतील कनेटिकट राज्यातल्या या बाईंना दर वर्षी नॉर्मल मॅमोग्राफी येत असताना 2004 मध्ये पुढच्या टप्प्याचा कॅन्सर निघाला, आणि आपल्या ऊती घन आहेत हे त्यांना तोपर्यंत कुणी सांगितलेच नव्हते. त्यांनी पाठपुरावा केला, म्हणून त्या राज्यात 2009 मध्ये घनतेची माहिती स्त्रीला देणे कायद्याने बंधनकारक झाले. संपूर्ण अमेरिकेत तो नियम सप्टेंबर 2024 पासून लागू झाला. ते पाहायला त्या नव्हत्या, 2018 मध्येच त्या गेल्या. माझ्या रिपोर्टमध्ये ती माहिती छापलेली होती, एवढा माझ्यात आणि त्यांच्यात फरक. पण तिचा अर्थ सांगितला गेला नाही. त्या डॉक्टरांवर मला बरेच दिवस राग होता. आज मला वाटते की त्या खोटे बोलल्या नाहीत. त्यांनी अर्धेच सांगितले आणि उरलेले अर्धे मी विचारले नाही.

मग मॅमोग्राफीचा उपयोग काय, असा पुढचा प्रश्न येतोच. उपयोग मोठा आहे. काही अगदी सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये कॅल्शियमचे बारीक कण साचतात. ते घन ऊतींतही मॅमोग्राफीत दिसतात आणि सोनोग्राफीतून बहुधा निसटतात. म्हणून मी मॅमोग्राफी आजही चुकवत नाही. घन ऊती असलेल्या स्त्रीने तिच्या जोडीला आणखी काय करावे, एवढाच खरा प्रश्न आहे. जपानमध्ये चाळिशीतल्या सुमारे 73,000 स्त्रियांच्या अभ्यासात मॅमोग्राफीसोबत सोनोग्राफी केल्यावर कॅन्सर पकडण्याची क्षमता 77 टक्क्यांवरून 91 टक्क्यांपर्यंत गेली. नेदरलँड्समध्ये अत्यंत घन ऊती असलेल्या स्त्रियांना जादा एमआरआय देऊ केला, तेव्हा दोन तपासण्यांच्या मधल्या काळात निघणारे कॅन्सर हजारी पाचावरून अडीचवर आले. हा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. माझा कॅन्सर याच प्रकारातला, दोन तपासण्यांच्या मध्ये निघालेला.

जादा तपासणीची किंमत मनालाही मोजावी लागते, हे लपवून मी सल्ला देणार नाही. शस्त्रक्रियेआधी माझा एमआरआय झाला, तेव्हा उजव्या स्तनातही एक ठिपका दिसला. त्याचीही बायोप्सी झाली. आठव्या दिवशी तो निरुपद्रवी असल्याचा रिपोर्ट आला, पण ते आठ दिवस मी डाव्या बाजूच्या निदानापेक्षाही अधिक हादरलेली होते. नेदरलँड्सच्या त्या अभ्यासातही पहिल्या फेरीत एमआरआय केलेल्या हजार स्त्रियांमागे जवळजवळ 80 जणींना असा खोटा इशारा मिळाला होता. म्हणून घनता, वय, घरात कुणाला हा आजार झाला आहे का, हे सारे डॉक्टरांसमोर मांडून जादा तपासणी ठरवावी. सरसकट प्रत्येकीने एमआरआयकडे धावावे, असे माझे मत नाही.

उपचारांबद्दल थोडक्यात सांगते. पहिला टप्पा होता. गाठ आणि तिच्या भोवतालचा थोडा भाग काढला, स्तन राहिला. काखेतल्या ज्या पहिल्या लसीका ग्रंथींकडे कॅन्सर जाऊ शकतो, त्या काढून तपासल्या. त्या स्वच्छ होत्या. नंतर तीन आठवड्यांत पंधरा वेळा रेडिएशन झाले. गाठ हार्मोनवर वाढणारी असल्याने आता रोज त्या हार्मोनचा परिणाम रोखणारी टॅमॉक्सिफेनची गोळी आहे, आणि तिच्यामुळे पुष्कळ जणींची घनताही उतरते. “लवकर कळलं, सुटलीस,” असे लोक प्रेमाने म्हणतात. तेही खरेच आहे. तरीही पहिल्या टप्प्याचा कॅन्सर हा कॅन्सरच असतो, आणि त्या वाक्यानंतर मला घाबरण्याचीही मुभा उरत नाही असे तेव्हा वाटायचे.

दहा महिने आधी सोनोग्राफी केली असती तर गाठ तेव्हाच दिसली असती का, हे मी माझ्या सर्जनना विचारले होते. कदाचित दिसली असती, कदाचित तेव्हा ती दिसण्याएवढी नसतीच, असे त्या म्हणाल्या. त्यानंतर तो प्रश्न मी कुणालाच विचारला नाही.

माझी धाकटी बहीण त्रेचाळीस वर्षांची आहे. मागच्या आठवड्यात तिची पहिली मॅमोग्राफी झाली आणि तिने मला रिपोर्टचा फोटो पाठवला. निष्कर्षात ‘बायरॅड्स 1’ होते. पण तिने पेनाने गोल केला होता तो वरच्या ओळीतल्या ‘सी’ या अक्षराभोवती. फोटोखाली तिने लिहिले होते, “ताई, याचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारलं. गुरुवारी सोनोग्राफी आहे, येशील का बरोबर?”