अण्णांचे ग्राफ

मे महिन्यातली दुपार. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल-चादरीच्या कारखान्यातून फोन आला, ‘दादा, सर्व्हर दिसंना झालाय.’ मी आधी एकच विचारलं, कुणी काही दाबलं का? कुणी दाबलं नव्हतं. ‘नवा अ‍ॅरे बनवून घ्या, डेटा आपोआप दिसेल’ असं कुणीतरी फोनवर सांगितलं होतं, आणि ऑफिसातला पोरगा करायलाही बसला होता. अ‍ॅरे म्हणजे अनेक डिस्क जोडून केलेला एक साठा; तो नव्याने बनवला की जुन्या डेटावरच लिहिलं जाऊ शकतं. अण्णांनी त्याचा हात धरला. ‘तो येऊ दे, मग बघू.’ त्या दिवशी डेटा वाचवला तो अण्णांनी. मी नंतर आलो.

अण्णा तिथले डिझाईन मास्तर, वय ७४. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी. चादरीवरचा मोर, कमळ, वेल आधी ग्राफ पेपरवर चौकट-चौकट रंगवायची, मग त्यावरून मागावर नक्षी उठवणाऱ्या जकार्डची कार्डं पंच करायची, हे काम त्यांनी चाळीस वर्षं केलं. एक चौकट चुकली की ती चूक कापडभर उमटते. २०१६ साली ते सगळे ग्राफ स्कॅन झाले. पुढे एका पावसाळ्यात कपाटाला वाळवी लागली आणि जुने कागद गेले. उरलं ते या चार डिस्कच्या डब्यात, म्हणजे त्या सर्व्हरमध्ये.

डबा उघडला तर पंख्यावर कापसाची लव थरावर थर. वर पत्रा, बाहेर ४३ अंश. २ टीबीच्या चार डिस्क, रेड ५ पद्धतीने जोडलेल्या, म्हणजे एका डिस्कएवढी जागा बचावाच्या नोंदीला जाते आणि वापरायला ६ टीबी उरतात. यात एक डिस्क गेली तरी काम चालतं, दुसरी गेली की सगळं थांबतं. इथं दोन लाल होत्या.

मी डिस्क काढल्या, प्रत्येकीवर खाचेचा नंबर लिहिला आणि घरी आणल्या. मूळ डिस्कवर काहीही लिहायचं नाही, हा माझा नियम. आधी डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने प्रत्येकीची हुबेहूब कॉपी. तीन डिस्क साडेचार-साडेचार तासांत झाल्या. चौथीला दोन दिवस लागले. खराब सेक्टरपाशी, म्हणजे डिस्कवरच्या खराब झालेल्या बारक्या कप्प्यापाशी, ती अडायची, टक् करायची, परत फिरायची. रात्री मी पंखा लावून तिच्याशेजारीच बसलो होतो. शेवटी ४ केबीचे ७६ सेक्टर तेवढे निघाले नाहीत.

मग एमडीएडीएम या अ‍ॅरे हाताळणाऱ्या प्रोग्रॅमने चारही डिस्कची नोंद वाचली. अ‍ॅरेत काही बदल झाला की प्रत्येक डिस्कवरचा इव्हेंटचा आकडा पुढे सरकतो. पहिल्या दोन डिस्कचा आकडा सारखाच, चौथीचा आठने मागे. तिसरीचा मात्र हजारोंनी मागे, तारीख ११ फेब्रुवारी. म्हणजे तिसरी तीन महिन्यांपूर्वीच बाहेर पडलेली. डब्याचा धोक्याचा बीप वाजत होता, पण कामात त्रास होतो म्हणून कुणीतरी तो बंद केला होता. याचं मला फार वाईट वाटलं. त्या डिस्कमध्ये तर दोषही नव्हता. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते त्या स्मार्टमध्ये फक्त १९९ नंबरचा आकडा चढलेला, म्हणजे जोडणीतली गडबड. ट्रे नीट बसवला असता तरी भागलं असतं.

पहिली, दुसरी आणि चौथी, या तिघींच्या कॉपींवर अ‍ॅरे जबरदस्तीने जुळवला आणि फक्त वाचण्यापुरता उघडला (माउंट केला). फोल्डर दिसले. पण त्या ७६ भोकांचं काय?

इथं तिसरी डिस्क कामाला आली. रेड ५ मध्ये चार डिस्कवरच्या एकाच जागच्या तुकड्यांचं एक्सॉर, म्हणजे बिटांची एक प्रकारची बेरीज, शून्य येतं, म्हणून कुठलेही तीन तुकडे हातात असले की चौथा काढता येतो. तिसरी डिस्क शिळी होती खरी, पण ज्या जागेवर फेब्रुवारीनंतर काही लिहिलंच गेलं नाही, तिथं ती आजही बरोबर आहे. आणि अण्णांचे ग्राफ २०१६ पासून जिथल्या तिथं पडून होते! पहिली, दुसरी आणि शिळी तिसरी, यांच्या त्याच जागच्या तुकड्यांवरून मी चौथीतले हरवलेले सेक्टर काढले, वेगळ्या कॉपीत भरले आणि कुठला सेक्टर कुठल्या फाईलचा ते तपासत गेलो. ४१ रिकाम्या जागेत होते. २७ जुन्या स्कॅनमध्ये, ते सगळे अचूक भरले गेले. ८ मात्र मार्च-एप्रिलमध्ये लिहिलेल्या तीन फाईलींमध्ये होते. तिथं तिसरीचा उपयोग नव्हता.

नव्या डिस्कवर सगळं उतरवून कारखान्यात गेलो. अण्णांनी मोराचा ग्राफ उघडायला लावला. पडद्याजवळ तोंड नेऊन, बोट धरून ते पिसाऱ्याच्या चौकटी मोजायला लागले, ओठांतल्या ओठांत, तेलुगूत. मी उभाच. बराच वेळ गेला. मग म्हणाले, ‘बरोबर आहे.’

गेलेल्या तीन फाईलींची नावं सांगितली. दोन ग्राफ यंदाचेच, त्यांचे कागद शाबूत होते; अण्णांनी टेबलाखालून गुंडाळी काढून पोराच्या हातात दिली, आत्ताच स्कॅन कर म्हणाले. तिसरी त्या पोराने थेट कॉम्प्युटरवर काढलेली किनार होती. ती तो पुन्हा काढतोय. मी बीप चालू केला, आणि ग्राफांची एक कॉपी आता अण्णांच्या घरी कपाटात आहे.