आमची वाटचाल: मुदत, दंड आणि एक जाड वही

आप्पा गवंडी होते. लालबाग-परळच्या चाळींच्या डागडुजीत त्यांचं आयुष्य गेलं. १९९७ मध्ये मी भांडुपला स्वतःची फर्म काढली, तेव्हा दोन मुकादम, भाड्याची परांची आणि आप्पांच्या ओळखी एवढंच भांडवल होतं. सोसायट्यांचं गिलाव्याचं, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं, खांबांच्या दुरुस्तीचं काम मिळत गेलं. करार म्हणजे लेटरहेडवरचं एक पान. मुदतीच्या ओळीकडे कुणी पाहत नसे, मीही नाही.

ती ओळ मला २०१२ मध्ये कळली.

पूर्व उपनगरातल्या एका सोसायटीचं ३८ लाखांचं काम होतं. नोव्हेंबरमध्ये वर्क ऑर्डर, मुदत पाच महिने. उशीर झाल्यास दर आठवड्याला अर्धा टक्का, जास्तीत जास्त पाच टक्के दंड. आगाऊ रक्कम तीन आठवडे उशिरा आली. फेब्रुवारीच्या अखेरीस बारावीची परीक्षा सुरू झाली, मग दहावीची. कमिटीने ब्रेकर बंद ठेवायला सांगितला, आणि मुलं अभ्यास करत असताना मला तरी कुठे ठोकाठोक करवली असती? रंगाच्या शेडसाठी सभा दोनदा पुढे ढकलली गेली. आमचीही चूक होती: होळीला गावी गेलेली माणसं पंधरा दिवस परतली नाहीत. शेवटचा हात मारला तेव्हा जून उजाडला होता, नऊ आठवडे उलटले होते.

अंतिम बिलातून १,७१,००० रुपये कापले. आठवड्याला १९,००० प्रमाणे हिशेब चोख होता. परीक्षेचं, शेडचं, आगाऊ रकमेचं सगळं बोलणं जिन्यात किंवा फोनवर झालं होतं. माझ्याकडे एक चिठ्ठीही नव्हती. त्या वर्षी दिवाळीत कामगारांना बोनस देताना हात आखडता घ्यावा लागला, ते मला आजही लागतं.

नंतर वकिलांनी बसवून समजावलं. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. मिळते ती त्या मर्यादेतली वाजवी भरपाई. कलम ५५ मधली गोष्ट मला जास्त मोलाची वाटली: वेळेलाच महत्त्व असलेल्या करारात समोरच्याने उशिराचं काम स्वीकारलं आणि स्वीकारताना भरपाई मागणार असल्याची नोटीस दिली नाही, तर नंतर ती मागता येत नाही. हिंद कन्स्ट्रक्शन विरुद्ध महाराष्ट्र सरकार या १९७९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की करारात मुदतवाढीची आणि उशिराच्या दंडाची तरतूद असेल, तर वेळ हाच कराराचा गाभा आहे असं सहसा मानता येत नाही. मात्र हे सगळं कुणाच्या बाजूने वळवायचं, तर हाती कागद हवा. माझ्याकडे तोच नव्हता, म्हणून मी भांडलो नाही.

तेव्हापासून प्रत्येक साइटवर जाड वही असते. सरकारी कामांत हिंडरन्स रजिस्टर ठेवतात, तसंच. कोणत्या तारखेला काय अडलं, कुणामुळे, किती दिवस. खाली आमच्या सुपरवायझरची आणि सोसायटीच्या माणसाची सही. मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्याआधी जातो. सोसायटीने मुदतवाढ दिली की पत्रात ‘दंडाचा हक्क राखून’ असे शब्द आहेत का, ते मी स्वतः वाचतो. सुरुवातीला सेक्रेटरी कुरकुरायचे, ‘भाऊ, आपल्यात कशाला ही कागदपत्रं?’ मी म्हणायचो, ‘काका, तुम्हालाही उपयोगी पडेल.’ पडलीही. आमच्या मुकादमाने तीन दिवस वाया घालवले, तेही त्याच वहीत आलं आणि मी ते मान्य केलं.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. आमची झारखंडची पोरं मिळेल त्या वाहनाने निघाली, काही चालत. दादरची एक इमारत परांचीसकट उभी राहिली. टाळेबंदी लागताच पत्र, माणसं गेल्यावर दुसरं, काम पुन्हा सुरू करताना तिसरं. सोसायटीने दंड न लावता सहा महिने वाढवून दिले. त्या सभेत एका आजोबांनी वही चाळून विचारलं होतं, ‘पोरं सुखरूप पोचली का रे?’ बहुतेकांचे पोचल्याचे फोन आले होते. त्यातली सात जण ऑक्टोबरमध्ये परत आली आणि त्यांनीच ती परांची उतरवली.

सध्या मुलुंडला काम चालू आहे. माझी मुलगी सिव्हिल इंजिनीअर, वही आता तीच लिहिते. काल संध्याकाळची नोंद: शेडचा निर्णय बाकी, आठवा दिवस. खाली चेअरमनची सही आहे.