फदफद

पावसाळी दुपारी भाजीवालीच्या पाटीत अळूची जुडी दिसते. पानावर पाण्याचा थेंब पाऱ्यासारखा इकडून तिकडे पळत असतो. "वडीचं देऊ का भाजीचं?" हे ती विचारतेच. वडीचं काळपट देठाचं, जाड पानाचं. भाजीचं हिरव्या देठाचं, लुसलुशीत. चारचौघांत हिला अळूची पातळ भाजी म्हणतात, पण फदफदं म्हटल्याशिवाय तोंडाला चव येत नाही. हे नाव का, ते शेगडीपाशी कान देऊन उभं राहिलं की कळतं.

चार माणसांना देठांसकट आठ-दहा पानं आणि आंबट चुक्याची अर्धी जुडी पुरते. पाव वाटी हरभऱ्याची डाळ आणि तेवढेच कच्चे दाणे चार तास आधी भिजत घालावेत. चिरण्याआधी हाताला तेल, आणि हात कोरडे. नाहीतर खाज सुटते. देठ सोलायचे. साल दोऱ्यासारखी लांबच लांब निघते, कामात काम तेवढंच गमतीचं.

कुकरमध्ये भांडी दोन. पाला-चुका एकात, डाळ-दाणे दुसऱ्यात. एकत्र लावले तर चुक्याच्या आंबटपणानं डाळ कचकचीत राहते, मग कितीही शिट्या करा. चार शिट्यांनंतर पाला गरम असतानाच दोन चमचे बेसन भुरभुरवून डावाच्या पाठीनं घोटायचा. थंड झाला की गुठळ्या ठरलेल्या. आणि मिक्सर नको! त्यानं गुळगुळीत हिरवी खळ होते, पोस्टर चिकटवावीत अशी. घोटलेल्यात पानाचा थोडा रेशा लागला पाहिजे.

दोन चमचे तेल, मोहरी, हिंग, हळद, सात-आठ मेथीदाणे (करपले की सगळंच कडू), तीन हिरव्या मिरच्या. त्यावर घोटलेला पाला, डाळ-दाणे, ओल्या खोबऱ्याचे काप, मीठ, सुपारीएवढा गूळ, दीड वाटी गरम पाणी. चुका बेताचा असेल तर चिंचेचा कोळ. काही जण गोडा मसाला घालतात, घालोत.

मग ऐकायचं. आधी नुसती खळखळ. म्हणजे बेसन अजून कच्चं आहे. आच मंद ठेवून दहा मिनिटं गेली की आवाज जड होतो. बुडबुडा सावकाश वर येतो, फुगतो आणि फद् करून फुटतो. एखादा शिंतोडा मनगटावर येतोच. झालं, गॅस बंद.

हल्ली हिला प्लान्ट-बेस्ड म्हणता येईल. दूध नाही, तूप नाही, तेल दोन चमचे. मात्र अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, घसा खवखवतो तो त्यांनीच. पाला शिजायला कमी पडला तर आणखी उकळावा. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी पानात वाढून घेताना हात आखडता घ्यावा.

पंगतीत लहान मुलं दाणे आणि खोबरं तेवढं वेचून खातात. मोठी माणसं भाताला आळं करून अळू आत अडवतात. भात मऊ असेल तर आळं फुटतं, आणि हिरवा ओघळ थेट जिलबीपर्यंत जातो. त्याला इलाज नाही. जिलबी आधी खावी.